पोकळ काड्या

२ फेब्रुवारी

भिंगरी,

वर 'अनेक आशीर्वाद' असं लिहिलं होतं, ते खोडलंय. दुसरा कागद घेता आला असता, पण सत्तरीला आलेल्या शिंप्याला काहीही वाया घालवायचं म्हटलं की जिवावर येतं. म्हणून खोडलेलं दिसतंय.

तू चिडून गेलीस त्याला चौथा महिना लागला. मध्ये फक्त आईच्या अंत्यविधीला आलीस, मागे भिंतीशी उभी राहिलीस आणि तिथूनच परस्पर स्टेशनवर गेलीस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र निदान वाजत नाही, तुला हवं तेव्हा उघड.

काम असं आहे की मला बाग तयार करायची आहे. वसंत यायला दोन महिने उरलेत आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही दोघी मायलेकी मातीत बसून तासन्‌तास काय कुजबुजत होतात ते मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही. आता बागेत सगळीकडे नुसती उघडी माती आहे. वरून कडक झाली आहे, चालताना टपटप आवाज येतो. आईने साफ करायला सांगितली आणि बाग साफ झाली, हे तुला माहीतच आहे, ते पुन्हा उगाळत नाही. पावसाच्या पाण्याच्या टाकीमागचा एक वाफा तेवढा वाचला, कारण तिथवर हात पोचला नाही. त्यात गेल्या वर्षीच्या बडीशेपेच्या वाळक्या काड्या उभ्या आहेत, चाळीसेक असतील. त्या कधी कापायच्या? आई म्हणायची की त्यांच्या पोकळीत मधमाशीच्या जातीच्या बारक्या माश्या झोपलेल्या असतात. मला वाटायचं, गंमत करते.

मला खरं हवंय ते एवढंच. तू एकदा घरी ये. बाग हे निमित्त समज हवं तर.

बाबा


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं कार्ड आलं. सहा ओळी, ना वर मायना ना खाली नाव, डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं. तरी दिवसभर खिशात ठेवून फिरलो.

तू सांगितलंस तसं करतोय. काड्यांना हात लावलेला नाही. सलग आठवडाभर दुपारी स्वेटर काढून ठेवावासा वाटला की मगच कापायच्या, आणि त्याही मुळाशी नाही, गुडघ्याएवढे खुंट ठेवून. कोणाच्या गुडघ्याएवढे ते लिहिलं नाहीस. मी टेप लावून स्वतःचा गुडघा मोजला, साडेअठरा इंच. कापलेल्या वरच्या काड्यांची मोळी कुंपणाला उभी टेकवायची, म्हणजे त्यांच्यात कोणी झोपलं असेल तर त्याला बाहेर पडता येईल. हेही समजलं.

खणायचं नाही, हे मात्र समजायला वेळ लागला. मी फावडं घेऊन तयारच होतो. वाफा म्हटला की उकरायचा, एवढंच मला ठाऊक. पण तू म्हणतेस की खालच्यांची घरं मोडतात, जे घालायचं ते वरून घाला, खाली न्यायचं काम गांडुळं करतील. म्हणून फक्त एकच फावडं माती काढून पाहिली, तू सांगितलीस तशी मोजणी केली. तीन गांडुळं निघाली, आणि त्यातलंही एक अर्धमेलं होतं. आईच्या वेळी किती असायची गं?

शेजारच्या नर्सबाई आठवतात ना, कामावरून आल्या की पायरीवर बसून बूट काढायच्या त्या. त्यांच्याकडे पाचोळ्याची अकरा पोती कचऱ्यात जायला निघाली होती. मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, ऑक्टोबरात तुमच्याकडचा पाचोळा तुम्हीच पिंपात घालून—" आणि पोत्यांची तोंडं बांधू लागल्या. पोती मात्र दिली. पुठ्ठे कापडाच्या दुकानातून आणले, त्यांच्या चिकटपट्ट्या सोलल्या, भिजवून वाफ्यांवर अंथरले, वर पाचोळा घातला.

आणि एक गाढवपणा केला तो सांगतो, हसशील. दुकानात तीस वर्षांच्या चिंध्या साठल्या आहेत. म्हटलं, कापूस मातीतूनच आला, मातीला देऊ. तीन पोती चिंध्या खिडकीखालच्या वाफ्यावर पसरल्या. मग रात्री उजाडेपर्यंत झोप नाही, कारण त्यात निम्मं टेरीकॉट! ते माझ्या पणतवंडांपर्यंत कुजणार नाही. दुसऱ्या दिवशी पाटावर बसून एकेक चिंधी उचलली, एकेक दोरा ओढला आणि काडी लावून पाहिला. ज्याची राख होते तो सुती, ज्याला जळक्या केसांचा वास येतो तो लोकरी, ज्याची टोकाला काळी गोळी होते तो बाहेर. दोन दिवस लागले. चाळीस वर्षं माणसांचे कपडे बेतले, पण वाफ्याला सुटाचं कापड लावणारा मी पहिलाच असेन.

तू तिकडे लोकांच्या कवळ्या बनवतेस, मापं घेतेस, घासतेस, पुन्हा बसवून बघतेस. तुझ्या आईला वाटायचं तू तिच्यावर गेलीस. हात तरी माझे आहेत.

बाबा


८ मार्च

भिंगरी,

तुझ्या कार्डावरच्या शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि बागेतून आत येऊन बसलो. तू लिहिलंस, 'बाबा, माझा तुमच्यावर राग नाही. तिच्यावर आहे, आणि ती आता नाही, त्यामुळे तो कुठे ठेवू ते मला कळत नाही.'

त्याचं उत्तर मला आज लिहिता येत नाही. दुसरंच लिहितो.

नोव्हेंबरातली गोष्ट आहे. आईची खुर्ची खिडकीशी, बागेकडे तोंड करून असायची. एके दिवशी म्हणाली, "अहो, जरा खुर्ची आत वळवा. उजेड डोळ्यांवर येतो." मी वळवली. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, उजेड कसला नि काय. हे माझ्या लक्षात आलं ती गेल्यावर. तोवर महिनाभर ती कपाटाकडे बघत बसली.

हे तुला का सांगतोय ते मलाही नीट माहीत नाही. तू म्हणतेस तिने बागेवरून हात झटकले, म्हणजे जगण्यावरूनच झटकले, आणि तुला आठव्या वर्षापासून शिकवलेलं सगळं एका शब्दात मोडीत काढलं. तसं नव्हतं. एवढंच आज लिहितो, तसं नव्हतं.

माती मुठीत दाबून पाहिली. अजून लगदाच होतो, म्हणून वाफ्यांत पाऊल टाकलेलं नाही. फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकून काम करतो. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना विचारतो कोण.

बाबा


२१ मार्च

भिंगरी!

अकरा एप्रिल, पाचची गाडी. मी तीनदा वाचलं. नर्सबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "हो हो, कळलं मला पहिल्यांदाच."

तुझ्या खोलीतलं शिवणाचं सामान हलवलं. पलंगाखाली तुझी माश्यांची वही सापडली, नववीतली. तारीख, वेळ, कुठल्या फुलावर किती. एका पानावर आईच्या अक्षरात, 'हिला जेवायला बोलवा, ऐकत नाही' असं लिहिलंय. वही तुझ्या उशाशी ठेवली आहे.

बी तू घेऊन येणार म्हणतेस, मग मी काही आणत नाही. तणाचं औषध पुन्हा कधी घरात आणणार नाही हे तुला शपथेवर सांगतो. पुठ्ठ्याखालचं तण आपोआप पांढरं पडून मरतंय. पिवळी रानफुलं उगवली आहेत तेवढी ठेवली, दुसरं काही फुलेपर्यंत माश्यांना तीच लागतात असं तूच लिहिलंस. पूर्वी ती दिसली की माझे हात शिवशिवायचे.

काल फावडंभर मातीत सात गांडुळं निघाली.

तू आलीस की तुला एक सांगायचं आहे. समोर बसूनच सांगेन.

मी किती आनंदात आहे ते लिहीत नाही, तुला ओझं होईल.

बाबा


२६ मार्च

भिंगरी,

समोर बसून सांगणार नाही. समोर बसलीस की मी पुन्हा मूग गिळून बसेन, चहा टाकेन, तुझ्या पाठीवरून हात फिरवेन, आणि तू दोन दिवसांनी तोच राग घेऊन परत जाशील. मी स्वतःला ओळखतो. म्हणून आजच लिहितो आणि आजच पेटीत टाकतो.

आईने बाग साफ करायला सांगितली नव्हती. ती मी केली.

ती एकोणीस दिवस हॉस्पिटलात होती. मी तिला भेटून यायचो आणि उरलेला वेळ घरात एकटा. मला वाटलं, ती येईल तेव्हा खिडकीतून तिला स्वच्छ, नीटनेटकं दिसावं. सगळ्या काड्या मुळापासून कापल्या. पाचोळा ओढून पिंपात जाळला, तीन दिवस धूर होता. जे हिरवं मला ओळखता आलं नाही त्यावर औषध फवारलं, दोन डबे संपवले. मग फावड्याने सगळं उलथून दाताळ्याने एकसारखं केलं. टाकीच्या मागे गेलो तेव्हा औषध संपलं होतं आणि पाठ धरली होती. तो वाफा वाचला तो एवढ्यामुळे.

तिच्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत होतो, आणि ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं की मला त्या बागेचा राग होता. शिंप्याच्या घरासमोर तसलं गबाळं लोंबतंय याची लाज वाटायची. आणि तुम्ही दोघी तिथे असायचात आणि मी दुकानात. मला कधी कोणी हाक मारली नाही. मी आलो असतो असंही नाही, पण हाक मारायला हवी होती. कात्री चालवताना मला बरं वाटत होतं, भिंगरी. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

ती घरी आली. मी तिला धरून खिडकीशी नेलं, लहान पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. तिने खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "दमला असाल." दुसऱ्या दिवशी विचारलं, "काड्या कुठे टाकल्या?" मी म्हटलं, जाळल्या. "बरं," म्हणाली.

त्या शनिवारी तू आलीस. फाटकातून आत येताना तुझा चेहरा बघितला आणि माझी पाचावर धारण बसली. स्वयंपाकघरात तू विचारलंस, "बाबा, हे कोणी केलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आईनेच सांगितलं. म्हणाली, आता झेपत नाही, सगळं साफ करून टाका." तू तरातरा तिच्या खोलीत गेलीस. मी मागोमाग आलो, दारात उभा राहिलो. तू विचारलंस, "तू सांगितलंस?" तिने माझ्याकडे पाहिलं. तू पाठमोरी होतीस, तुला दिसलं नाही. मला वाटलं, आता ही सांगणार. खरं सांगतो, मला सुटल्यासारखंही वाटणार होतं.

ती म्हणाली, "हो, मीच सांगितलं."

मग तू तिला जे जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही. तुझं चुकलं नाही, तुला जे कळलं होतं त्यावर तू बोललीस. संध्याकाळच्या गाडीने गेलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला विचारलं, का खोटं बोललीस? ती म्हणाली, "माझ्यावरचा राग ती चार दिवसांत विसरेल. तुमच्यावरचा विसरायची नाही. आणि मी गेल्यावर तिला तुमच्याशिवाय कोण आहे?"

चार दिवसांचे सात आठवडे झाले. ती रोज विचारायची, "फोन वाजला का?" मी रोज म्हणायचो, नाही. तुझा फोन येत नव्हता हे खरंच होतं. पण फोन हॉलमध्ये होता, तुझा नंबर भिंतीवर लिहिलेला होता, तुझ्या कामाच्या ठिकाणचाही होता. 'बाग मी मोडली, आई नाही, लगेच ये,' एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. एकोणपन्नास दिवस मला ते अर्धं मिनिट काढता आलं नाही. मला भीती वाटत होती. तू तिच्याशी बोलत नाहीस ते मी सहन करू शकत होतो, माझ्याशी बोलायची थांबशील ते नव्हतो करू शकत. म्हणून तुझी आई तुला न बघता गेली.

शेवटच्या दोन दिवसांत तिला शुद्ध येऊन-जाऊन होती. तुझं नाव घेत होती. हे लिहू की नको असं झालं, पण अर्धवट खरं पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलंय.

तर तुझा तिच्यावरचा राग आता ठेवायची गरज नाही. तो तिचा नव्हताच, माझा होता. पत्ता बदलून माझ्याकडे पाठव.

ती सगळं माझ्यासाठी झाकून गेली आणि मी ते उघडं करतोय. तिला आवडलं नसतं. पण तू तिला आयुष्यभर चुकीचं समजावंस हे मला आता बघवत नाही. अकरा तारखेला आलीस तर मी स्टेशनवर असेन. नाही आलीस तरी असेन.

बाबा


१२ एप्रिल

भिंगरी,

तुझं उत्तर आलं नाही, पण येऊ नका असंही तू कळवलं नाहीस, म्हणून काल गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला. साडेतीनलाच निघालो, पायी वीस मिनिटांचाच रस्ता आहे, तरी. पाचची गाडी आली, रिकामी झाली. म्हटलं, चुकली असेल, सातची पाहू. सातचीही पाहिली. स्टेशनमास्तर दोनदा येऊन विचारून गेला, "आजोबा, कोणाची वाट बघताय?" मी म्हटलं, मुलीची.

घरी आलो तेव्हा नर्सबाई पायरीवर बसल्या होत्या. मला बघून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "येऊन गेली हो ती."

त्यांनी जेवढं पाहिलं तेवढं मी एकेक करून विचारून घेतलं. तू दुपारी एकपासून समोरच्या बसथांब्याच्या बाकावर बसली होतीस. बस येत होत्या, जात होत्या, तू बसूनच होतीस. साडेतीनला मी फाटक लावून निघालो, तुझ्यासमोरूनच गेलो. तू ओढणी डोक्यावरून पुढे घेतलीस म्हणे. मी मान खाली घालून, गाडीला उशीर होऊ नये म्हणून घाईघाईने चाललो होतो. मी वळणावर दिसेनासा झालो तेव्हा तू उठलीस आणि फाटक उघडून आत गेलीस.

दोन तास बागेत होतीस. आधी टाकीमागे बसलीस. नर्सबाई म्हणाल्या, "मोठ्याने रडत होती. 'आई, आई' म्हणत होती. मी जाणार होते, मग वाटलं नको." त्यानंतर तू खिडकीखालच्या वाफ्यावर पाचोळा हाताने बाजूला केलास आणि बी पेरलंस. त्यांच्याकडे पेलाभर पाणी मागितलंस. चहा नको म्हणालीस. साडेपाचच्या बसने गेलीस.

"माझ्याबद्दल काही विचारलं तिने?" मी म्हटलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. आणि पायरीवरचे बूट बाजूला सारून, "तुम्ही बसा जरा."

तू पाचची गाडी का लिहिलीस ते मला कळलं. मी घरात नसावं म्हणून. बरोबर केलंस. मला वाईट वाटलं नाही असं खोटं लिहीत नाही, फार वाईट वाटलं, शर्ट न बदलता तसाच बसून होतो. पण तू तिला भेटायला आलीस. नोव्हेंबरपासून जे अडलं होतं ते काल झालं. ती असताना व्हायला हवं होतं, ते माझ्यामुळे झालं नाही.

आज सकाळी वाफा पाहिला. तू पेरलेल्या ओळींवर माती हाताने दाबली आहेस, तुझ्या तळव्यांचे ठसे उमटले आहेत, बोटांसकट. दुपारपर्यंत मी पाणी घातलं नाही, पुसले जातील म्हणून. मग वाटलं, बी सुकेल. झारीने घातलं, अगदी बारीक धार करून. ठसे गेले.

पंधरा-वीस दिवसांत रोपं येतील. ती विरळ करावी लागतील, आणि कुठलं उपटायचं नि कुठलं ठेवायचं ते मला कळणार नाही. मी हात लावणार नाही. तेव्हा तुला यावं लागेल. कुठल्या दिवशी ते फक्त कळव. त्या दिवशी मी सकाळीच घराबाहेर पडेन आणि दिवे लागायच्या आत परतणार नाही. किल्ली नर्सबाईंकडे असेल. म्हणजे तुला बाकावर ताटकळत बसावं लागणार नाही.

बाबा